मडके, मढे आणि माणूस

१

माणूस मेला की घरचे रडतात. यात सांगण्यासारखे काही नाही. पण कोणाच्या घरचे रडणे चित्रात उतरते, शिल्पात कोरले जाते, वस्तुसंग्रहालयाच्या काचेआड जपले जाते आणि कोणाचे रडणे वेशीबाहेरच्या वाऱ्यावर विरून जाते, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. इतिहास शिकवणारा माणूस म्हणून मी या प्रश्नाकडे जितका पाहतो, तितके मला वाटू लागते की एखाद्या समाजाची उतरंड समजून घ्यायची तर त्याच्या लग्नाच्या मांडवात जाण्याआधी त्याच्या मसणवट्यात जावे.

बी. ए. च्या वर्गात मी प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवतो. पाठ्यपुस्तकांत ग्रीस म्हणजे लोकशाही, तत्त्वज्ञान, नाटक. मी मुलांना त्याच्या जोडीला मडकी दाखवतो. अथेन्स नगरीच्या वायव्य कडेला केरामेइकोस नावाचा भाग होता. या नावाचा सरळ अर्थ कुंभारवाडा. गंमत अशी, की जिथे कुंभारवाडा तिथेच नगरीची मोठी दफनभूमी. चाकावर मडके घडे आणि हाकेच्या अंतरावर ते कबरीवर उभे राही. इ. स. पू. आठव्या शतकाच्या मध्यावर तिथे घडवलेला एक रांजण आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दिपिलोन म्हणजे दुहेरी वेस. तिच्याजवळ सापडला म्हणून त्याला दिपिलोनचा रांजण म्हणतात. उंची दीड मीटरहून अधिक, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीखांद्याला लागेल एवढा. तो पाणी भरण्यासाठी घडवलेला नव्हता. एका श्रीमंत घरच्या बाईच्या कबरीवर खूण म्हणून तो उभा होता.

या रांजणावर गळ्यापासून बुडापर्यंत काळ्या रंगात नागमोडी, चौकटी, ओळी आहेत आणि मधोमध एका पट्ट्यात मृत्यूचा देखावा आहे. उंच पलंगावर मढे ठेवले आहे. वर चौकटीचौकटीचे वस्त्र धरल्यासारखे दाखवले आहे. दोन्ही बाजूंना माणसांची रांग. त्यांची छाती म्हणजे उलटा त्रिकोण, डोके म्हणजे एक ठिपका, कंबर काडीसारखी. डोळे नाहीत, अश्रू नाहीत. पण बहुतेकांचे दोन्ही हात डोक्यावर गेलेले आहेत. एवढ्या एका खुणेवर सारा शोक उभा आहे. आपल्या बाया कपाळावर, डोक्यावर हात मारून घेतात तीच ही खूण. अडीच हजारांहून अधिक वर्षे आणि इतके समुद्र मध्ये असूनही ती आमच्या गावच्या पोरालाही समजावून सांगावी लागत नाही.

ग्रीकांत मढे घरात मांडण्याचा एक दिवस असे. मग पहाटेच्या अंधारात त्याला बाहेर काढीत. मडक्यांवर बहुधा हे दोन प्रसंग येतात. पुढे इ. स. पू. सहाव्या शतकात एक्झेकियास या नामांकित चित्रकाराने मातीच्या फरश्यांवर हाच देखावा रंगवला. त्या फरश्या आज बर्लिनमध्ये आहेत. त्याच काळातल्या चित्रांत बाया केस उपटताना दिसतात आणि पुरुष एक हात पुढे उचलून ओळीने निरोप देताना दिसतात. म्हणजे शोकसुद्धा वाटून दिलेला: बाईने फुटायचे, पुरुषाने आवरायचे. पाचव्या शतकात पांढऱ्या लेपाच्या, तेलाच्या उभट कुप्या आल्या. त्यांवर आरडाओरडा संपलेला आहे. कबरीजवळ एक बाई टोपली घेऊन येते, कबरीच्या दगडाला फीत बांधते, आणि कधी पैलतीरी नेणारा नावाडी खारोन होडी घेऊन थांबलेला असतो. यांतल्या काही कुप्यांच्या आत, गळ्यापाशी, एक छोटी वाटी बसवलेली सापडते. बाहेरून कुपी भरलेली दिसावी आणि तेल मात्र वाटीभरच लागावे, यासाठी केलेली ही युक्ती. मेलेल्याच्या नावाने लोकांपुढे खर्च दाखवायचा आणि आतून वाचवायचा, ही रीत तेराव्याचे जेवण घालताना कर्ज काढणाऱ्या आपल्या मुलखाला नवी वाटू नये.

२

वर्गात हा रांजण फळ्याशेजारच्या पडद्यावर दाखवला होता, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "सर, याच्यात खड्डा खंदनारा कोठी हाय?"

वर्ग हसला. मला मात्र त्या दिवशीचा तास तिथून पुढेच खरा सुरू झाला असे वाटले. खरोखरच, एवढ्या गर्दीत खड्डा खणणारा नाही. मढे धुण्यासाठी पाणी आणणारा नाही. रांजण ज्याने घडवला तो नाही. ज्या घराने किंमत मोजली त्या घराचा शोक तेवढा दिसतो. कामाचे हात चित्राच्या बाहेर आहेत आणि चित्र मात्र त्याच हातांनी काढलेले आहे.

ते हात कोणाचे होते? अथेन्सच्या कुंभारवाड्यात नागरिक होते, परदेशी होते आणि गुलामही होते. काही चित्रकारांच्या नावांवरूनच ते बाहेरचे ठरतात. लिडोस म्हणजे लिडिया देशाचा. गुलामाला त्याच्या मुलखाच्या नावाने हाक मारायची तिथे पद्धतच होती. सहाव्या शतकातल्या, मद्य काढण्याच्या एका पात्रावर अशाच एका लिडोसने सही केली आहे आणि सहीबरोबर लिहिले आहे की हे चित्र मी काढले आणि मी गुलाम आहे. मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा थांबतो. धन्याच्या मेजवानीच्या पात्रावर, धन्याच्या मातीत, धन्याच्या रंगाने तो माणूस आपले असणे नोंदवून गेला. ग्रीक कलेच्या इतिहासात मोठमोठी प्रकरणे आहेत. मला हे अर्धे वाक्य त्यांच्या तोडीचे वाटते.

होमरच्या इलियड महाकाव्याच्या एकोणिसाव्या सर्गात याहून मोठी गोष्ट आहे. पात्रोक्लस हा वीर पडतो. युद्धात पकडून आणलेली ब्रिसेइस त्याच्या मढ्यावर पडून रडते. तिच्याबरोबर छावणीतल्या साऱ्या बंदिवान बाया रडतात. कवी सांगतो, की वरवर त्या पात्रोक्लससाठी रडत होत्या, पण आतून प्रत्येकजण आपापल्या दुःखासाठी रडत होती. त्यांचे नवरे, भाऊ, बाप याच वीरांनी मारलेले. त्यांच्यासाठी उघड रडायची सोय नाही. म्हणून धन्याच्या मढ्याचा आडोसा घेऊन त्यांनी आपली मढी रडून घेतली. हा आडोसा ज्याने जगात कधी घेतलेला नाही, त्याला या ओळीचे मोल कळणे कठीण. आपल्याला ते कळते.

आणि मग कायदा येतो. इ. स. पू. ५९४ मध्ये सोलोन अथेन्सचा प्रमुख अधिकारी झाला. कर्जापायी गुलाम झालेल्यांना त्याने सोडवले, म्हणून त्याला समाजसुधारक म्हणून आपण शिकवतो, ते योग्यच आहे. पण त्याच्या नावावर अंत्यविधीचेही कायदे आहेत. बायांनी गाल ओरबाडू नयेत. रचलेली शोकगीते म्हणू नयेत. परक्याच्या मयतीला जाऊन आक्रोश करू नये. प्रेतयात्रेत पुरुषांनी पुढे आणि बायांनी मागे चालावे. जवळच्या नात्यातल्या सोडून साठ वर्षांखालच्या बायांनी मयताच्या घरात शिरू नये. अभ्यासक याची कारणे देतात: श्रीमंत घराण्यांचे शोकाचे प्रदर्शन रोखायचे होते, घराण्याघराण्यांतली वैरे शोकगीतांतून पेटत ती विझवायची होती. कारणे पटण्यासारखी आहेत. पण राज्याला बाईच्या रडण्याची धास्ती वाटली, हेही यातून दिसते. कारण रडणारी बाई नुसती रडत नाही, ती बोलते. कोणी मारले, कोणी लुबाडले, कोण आले नाही, हे ती चारचौघांत नाव घेऊन सांगते. जिला सभेत बोलायची मुभा नव्हती, तिला मढ्याशेजारी होती. कायद्याने तीही आखडून घेतली.

३

आता आपल्याकडे वळू. आपल्या मातीतही मढे आणि मडके यांची गाठ फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत मेलेली लेकरे घराच्याच जमिनीखाली पुरत. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवायची आणि आत लेकरू. नेवासे आणि दायमाबाद येथेही अशीच मडकी निघाली. त्या मडक्यांवर रडणाऱ्या बायांची रांग रंगवलेली नाही. पण लेकराला वेशीबाहेर न टाकता, आपण झोपतो त्या जमिनीखाली, मडक्याच्या पोटात ठेवणे ही कृतीच शोकाचे चित्र आहे. आईने पुन्हा पोटात घेतल्यासारखी.

मोठी माणसे मात्र खड्ड्यात पुरत आणि पुरताना त्यांची पावले तोडलेली असत. मेलेल्याने उठून परत जाऊ नये ही भीती त्यामागे असावी असे मानतात. पण एका प्रौढ पुरुषाला चार पायांच्या, कच्च्या मातीच्या भल्या मोठ्या रांजणात बसवून पुरले होते, आणि त्याची पावले शाबूत होती. उत्खनन करणाऱ्यांनी त्याला वस्तीचा प्रमुख मानले. म्हणजे तेव्हाच, मेल्यावर कोणाचे पाय राहतील आणि कोणाचे तुटतील, हे जिवंतपणीच्या मानावर ठरू लागले होते! विदर्भात माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट-खापा, नैकुंड येथे दगडांची वर्तुळे आहेत. त्यांखाली काळी-तांबडी मडकी, लोखंडी हत्यारे आणि काही ठिकाणी घोडेही पुरलेले निघाले. ज्याच्याबरोबर घोडा पुरला जातो त्याच्यासाठी एवढाले धोंडे ओढून आणणारे कितीतरी लोक होते. त्यांच्यासाठी धोंडे कोणी ओढले?

ही उतरंड पुढे धर्माची आज्ञा झाली. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सुतकाचे दिवस वर्णाप्रमाणे मोजून दिले आहेत: ब्राह्मणाला दहा, क्षत्रियाला बारा, वैश्याला पंधरा आणि शूद्राला एक महिना. दुःखाची खोली वर्णावर ठरते असे यात कोणी म्हणत नाही, विटाळाची खोली ठरते असे म्हणतात. त्याच अध्यायात मढे नगराच्या कोणत्या वेशीतून बाहेर काढायचे तेही सांगितले आहे. मेलेल्या शूद्राला दक्षिण वेशीतून न्यावे, द्विजांना पश्चिम, उत्तर आणि पूर्व वेशींतून, ज्याच्या त्याच्या वर्णाप्रमाणे. दहाव्या अध्यायात चांडाळाचे वस्त्र ठरवून दिले आहे: मेलेल्याच्या अंगावरचे. आणि त्याचे काम ठरवून दिले आहे: ज्याला कोणी नातलग नाही त्याचे मढे वाहून नेणे. ज्याला रडायला कोणी नाही त्याला उचलायचे आम्ही, आणि त्याबद्दल त्याच्या अंगावरचे फडके आमच्या अंगावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा जळाली ती नुसती पाने नव्हती. हे फडकेही जळाले.

मडक्याचेही पाहा. ग्रीकांनी मडके कबरीवर उभे केले. आपल्याकडे मढ्यापुढे आगीचे मडके चालते, चितेभोवती पाण्याचे मडके गळत फिरते आणि मग फोडले जाते. कुंभाराने घडवलेले, कोणतीही नक्षी नसलेले, फुटण्यासाठीच विकत आणलेले. त्यामुळे आपल्या शोकाचा पुरावा काचेआड ठेवता येत नाही. खापऱ्या होतात. आणि ज्यांच्या घरी लाकूडफाट्यालाही पैसा नव्हता, जे आपली माणसे जाळण्याऐवजी पुरत आले, त्यांच्या शोकाची तर खापरीही उरली नाही.

४

मग आमच्या शोकाचा इतिहास लिहायचा कशावरून? गावगाड्याने आम्हाला मयतीच्या कामांत गुंतवलेले होते. गावात मोठ्या घरी माणूस मेला की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचा महाराने. दिवस असो, रात्र असो, नदीला पूर असो. सरपण, गोवऱ्या वाहायच्या महाराने. त्याचा मोबदला म्हणून मढ्यावरचे कापड. माझा आजा लहानपणी आपल्या बापाबरोबर असे सांगावे घेऊन गेला होता. तो सांगायचा, की सांगावा घेऊन गेलेल्याने अंगणाच्या बाहेर उभे राहून बातमी द्यायची. आत रडारड सुरू झाली की बाहेर उभ्या असलेल्या माणसाची कोणाला आठवण राहत नसे. दहा कोस चालून आलेला तो, पाणी मागायचीही वेळ नसे. पाणी मिळाले तर वरून ओंजळीत. त्याचे एक वाक्य माझ्या कानात आहे: "रडाले घरचे, सांगाले म्हार."

दिपिलोनच्या रांजणावर जो नाही, तो हाच माणूस. शोकाची पहिली बातमी त्याच्या तोंडून निघते आणि शोकाच्या चित्रात तो नसतो.

आमच्याकडे रांजण नव्हता, पण आमच्या बायांकडे आवाज होता. वऱ्हाडात बाई मयतीवर हेल काढून रडते, तेव्हा ती कहाणी सांगते. माझी आजी तिच्या भावावर रडली ते मी लहानपणी ऐकले. त्या रडण्यात त्याने कोणाच्या वावरात किती वर्षे सालदारी केली ते होते. सालाच्या शेवटी किती पायल्या जवारी मिळायची ठरली आणि किती मिळाली ते होते. आजारात गाडी मागितली तेव्हा कोणी दिली नाही, त्याचे नाव होते. कापसाच्या गाठी उचलून त्याच्या पाठीचे काय झाले ते होते. आणि या साऱ्यांच्या मध्ये, तू मला भाऊबीजेला लुगडे घेऊन येणार होतास, असा मेलेल्यालाच केलेला सवाल होता. ऐकणाऱ्या बाया मधून मधून हुंकार देत होत्या. त्यांतली प्रत्येकजण, इलियडमधल्या त्या बंदिवान बायांप्रमाणे, आपापले मढे रडत होती. आज इतिहासाचा मास्तर म्हणून मी त्याकडे पाहतो तेव्हा मला त्यात मजुरीचे दर सापडतात, सावकारी सापडते, गावच्या आजारपणाची नोंद सापडते. मालगुजाराच्या, खोताच्या, देशमुखाच्या दप्तरात जे लिहिले गेले नाही, ते आमच्या बायांनी रडून ठेवले.

५

इथे एक अडचण आहे आणि ती आपल्याच चळवळीतली आहे. तिच्याबद्दल उघड बोलले पाहिजे.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण सुतक सोडले, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणे सोडले, दहाव्या-तेराव्याच्या कर्जातून सुटलो. त्रिसरण, पंचशील म्हणून आपण आपल्या माणसाला निरोप देतो. हे फार मोठे काम झाले. पण त्याबरोबर आपले काही कार्यकर्ते मयतीच्या घरी जाऊन बायांना दटावू लागले. "बौद्धांच्या घरी असा आक्रोश शोभत नाही. गप्प बसा. भगवंताने सांगितले आहे, सारे अनित्य आहे." पांढरी साडी नेसून, ओठ आवळून बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांचे रडणे आत कोंडून राहिलेले. मला तेव्हा सोलोनची आठवण होते. सुधारणा खरीच असते, आणि तिच्या नावाखाली बाईचे तोंड बंद करणेही खरेच असते.

भगवंताने काय सांगितले ते पाहावे. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धाचा अंतकाळ जवळ आलेला असताना आनंद विहारात जाऊन दाराच्या चौकटीला टेकून रडतो. मला अजून शिकायचे राहिले आणि माझे गुरू चालले, असे म्हणून रडतो. बुद्ध त्याला बोलावून घेतात. शोक करू नकोस, जे जन्मले ते विलय पावणारच, हे सांगतात. पण तिथेच थांबत नाहीत. इतकी वर्षे तू मनाने, वाचेने, कायेने माझी सेवा केलीस, असे सर्व भिक्खूंसमोर त्याचे गुण वाखाणतात. रडणाऱ्याला त्यांनी हाकलले नाही, त्याला मान दिला. आणि ज्या लोहाराच्या, चुंदाच्या घरी शेवटचे जेवण झाले, त्याला कोणी बोल लावू नये, याची काळजी मरणाऱ्याने स्वतः घेतली. कारागिराच्या माथी दोष मारायला जग किती तयार असते, हे त्यांना ठाऊक होते.

हा प्रसंग दगडात पाहायचा असेल तर आपल्याला ग्रीसला जायला नको. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर सात मीटरांहून लांब अशी महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटकांच्या काळात हे काम झाले. वाकाटकांच्या ज्या शाखेचा राजा हरिषेण, तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे करवले. सव्विसावे लेणे भिक्खू बुद्धभद्राने करवले आणि अश्मकाचा मंत्री भव्विराज याच्या सन्मानार्थ, तसेच आईबापांच्या नावे अर्पण केले. दात्यांची ही नावे शिलालेखांत आहेत. छिन्नी चालवणाऱ्यांची नावे त्यांत नाहीत. लिडोससारखे अर्धे वाक्यही नाही.

पण त्या अनामिकांनी काय कोरले ते पाहा. वर आकाशात देव आहेत, वाद्ये आहेत. मध्ये शांत झोपलेला तथागत. आणि खाली, मंचकाच्या कडेला, माणसे. कोणी हातावर डोके टेकले आहे, कोणी मान खाली घातली आहे. सुत्त सांगते, की ज्यांची आसक्ती सुटली होती ते भिक्खू स्मृती राखून बसले आणि ज्यांची सुटली नव्हती ते बाहू पसरून रडले, जमिनीवर लोळले. शिल्पकाराने शोकाला मंचकाखाली जागा दिली. तो लपवला नाही. सोळाव्या लेण्यातले "मरणासन्न राजकन्या" म्हणून प्रसिद्ध झालेले चित्रही असेच. नवरा नंद भिक्खू झाला, त्याचा मुकुट सेवकाने परत आणला, ते पाहून कोसळणारी सुंदरी त्यात आहे. धम्माच्या लेण्यात, धम्मामुळेच एकटी पडलेल्या बाईच्या दुःखाला भिंत मिळाली. अजिंठ्याचा बौद्ध चित्रकार बाईला गप्प बसवत नाही. मग आपण का बसवावे?

सुत्तातल्या आणखी दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. कुसिनाऱ्याच्या मल्लांनी बुद्धाचा देह दक्षिणेकडून, नगराच्या बाहेरून न्यायचे ठरवले होते. पण तो उचलेना. शेवटी देह उत्तर वेशीतून नगरात आणला, नगराच्या मधोमध नेला आणि पूर्व वेशीतून बाहेर काढला. देवतांची इच्छा वगैरे भाग सोडून द्या. मनूने शूद्राला नेमून दिलेली दक्षिण वेस आणि ही नगराच्या मध्यातून गेलेली प्रेतयात्रा शेजारी ठेवून वाचा. वेशीबाहेरून जायचे नाही, गावाच्या मधून जायचे, हा झगडा किती जुना आहे! दुसरी गोष्ट मडक्याची. अस्थींचे आठ वाटे झाले. वाटणी करणाऱ्या द्रोणाला वाटा मिळाला नाही, त्याने ज्या कुंभाने अस्थी मोजल्या तो कुंभ मागून घेतला आणि त्यावर स्तूप उभारला. अस्थी नाहीत, राज्य नाही, तरी रिकाम्या मडक्यावरही स्मारक उभे राहते. आठवण धरून ठेवणारा माणूस मात्र हवा.

६

आपल्या अमरावतीने शोकाची एक वेगळी रीत पाहिली आहे. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इथल्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम वारल्याची तार त्यांना मिळाली. त्या तारेचा मी पुन्हा पुन्हा विचार करतो. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्यांचे सांगावे वाहण्यात गेल्या, त्यांच्यातल्या एकाच्या घरची मयत-वार्ता तारेने, त्याच्या स्वतःच्या नावावर, हक्काच्या सभेत आली. त्याच वऱ्हाडचे गाडगेबाबा. पोटच्या मुलाच्या मृत्यूची बातमी कीर्तनात आली तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे सांगतात. बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला.

आणि ७ डिसेंबर १९५६. दादरची चौपाटी. त्या दिवशीच्या छायाचित्रांत डोक्यावर हात मारणाऱ्या बाया आहेत, बेशुद्ध पडलेली माणसे आहेत. दिपिलोनच्या रांजणावरची तीच खूण, पण इथे रडणारा आणि राबणारा वेगळा नाही. ज्यांनी चिता रचली तेच रडले. चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी दीक्षा दिली आणि रडणाऱ्या हजारोंनी तिथेच धम्म स्वीकारला. शोक मिटवून नव्हे, शोकासकट. आमच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय अश्रू पुसायच्या आतच अमलात आला. मग रडणे हे दुबळेपणाचे लक्षण आहे, असे आम्हाला कोणी शिकवू नये.

दक्षिण वेस मात्र अजून मिटलेली नाही. स्मशानभूमीचा वापर अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून तो ओळखला जातो. तरी महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत मसणवटे अजूनही जातवार आहेत. एकीकडे पत्र्याची शेड, सिमेंटचा ओटा, पाण्याची टाकी, आणि दुसरीकडे नाल्याकाठची उघडी जागा, जिथे पावसाळ्यात मढे झाकायला ताडपत्री धरून उभे राहावे लागते. एका गावाला एकच स्मशानभूमी, आणि तिला जाणारा रस्ता गावाच्या मधून, ही मागणी ग्रामसभेत ठरावासह मांडली पाहिजे. मल्लांची वाट तीच होती.

दुसरे काम आपल्या विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे आहे. ज्या बाया हेल काढून रडू शकतात त्या आता साठी-सत्तरीपुढे आहेत. त्यांच्यापाशी बसा. मयतीच्या वेळी यंत्र पुढे करू नका, ते माणुसकीला धरून नाही. नंतर, सवडीने, त्यांच्या तोंडून ऐका: कोणावर रडलात, काय सांगून रडलात. गावाचे नाव, मालकाचे नाव, मजुरीचा दर, आजार, साल, जसे सांगतील तसे लिहून घ्या. बोली सुधारू नका. सांगणाऱ्या बाईचे नाव, तिची संमती घेऊन, वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लिडोसला सही करायला धन्याचे मडके वापरावे लागले, तिला तशी वेळ येऊ नये.

आमच्या शोकाचे रांजण कोणी घडवले नाहीत, म्हणून आम्ही शोक केला नाही असे उद्याचा इतिहासकार म्हणेल. पुरावा कुठे आहे, असे विचारेल. तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला आमच्याकडे वह्या असल्या पाहिजेत.